तिवशाचं अनोळखी गिऱ्हाईक

माझ्या धाकट्या भावाने अकोल्याच्या जुन्या शहरात रेडिओचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे आमच्या माहेरच्या घराची रस्त्याकडची खोली. तिच्यात एक टेबल, कथलाचा डाग देण्याची विजेची सळई, पत्र्याचे सांगाडे, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा. नकाशा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, माल कुठं कुठं जाणार ते डोळ्यासमोर असावं लागतं. माल तेव्हा दोन गल्ल्या सोडून मामाच्या घरी गेला होता. त्या नकाशात आमची मोर्णा नदीसुद्धा नव्हती.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. हल्ली मुलं असं काही काढतात त्याला स्टार्टअप म्हणतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. आमच्याकडे त्याला ‘वकीलसाहेबांचं पोट्टं वाया गेलं’ असं म्हणत. फोटोचा प्रश्नच नव्हता.

मी दिलेली अमरावतीला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं नवऱ्याच्या शाळेतली पुस्तकं घरी यायची त्यांच्यावर. अमरावतीच्या एका साप्ताहिकात मी पाककृती लिहीत असे. संपादकांना एकदा म्हटलं, मला या नव्या उद्योग करणाऱ्या पोरांशी बोलून लिहायचंय, आमच्या अकोल्यात एक मंडळच आहे त्यांचं. ते म्हणाले, लिहा की, पण शेवटी एखादा पदार्थ द्या, बायका वाचतात. त्यामुळे माझी पहिली मुलाखत छापून आली ती ज्वारीच्या पिठाच्या थालिपिठासकट.

मंडळ दर रविवारी भावाच्या खोलीत भरायचं. विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा एक, टॉकीजमध्ये मशीन चालवणारा एक, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसणारा एक, माझा भाऊ, आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर. मी सकाळच्या गाडीने अमरावतीहून येई आणि वही घेऊन दाराशी पाटावर बसे. पहिल्या तीन रविवारी त्यांनी रेडिओचं नाव काय ठेवायचं यावर चर्चा केली. चौथ्या रविवारी निवडणूक झाली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि सल्लागार असे चौघे लागले कामाला. साधा सभासद म्हणून फिटर एकटा उरला. रेडिओ तोच बनवत होता.

मी एकेकाला विचारत गेले. टॉकीजवाला म्हणाला, पाच वर्षांत अकोल्याचा माल मुंबईच्या बाजारात. प्रयोगशाळावाला म्हणाला, मुंबई सोडा, विलायत. वाइंडिंगवाल्याला विचारलं, तुम्ही सध्या काय बनवता? तो जरा विचारात पडला.

“सध्या तं ताई, वातावरण बनवून राहिलो.”

हे मी जसंच्या तसं लिहिलं. संपादकांनी ते काढून तिथे मिठाचं प्रमाण घातलं.

फिटरभाऊ मात्र बोलायचा कमी. भावापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. दिवसभर जिनिंगमध्ये यंत्रांखाली असायचा आणि पाळी सुटली की पाच वाजता आमच्याकडे. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता. तो सांगे, जाताना माय रस्ताभर रडली आणि येताना गाडीत गात आली. त्याला मी विचारलं, रेडिओ करायला कुठे शिकलात? म्हणाला, “एका साहेबाचा बिघडला होता. त्यानं फेकला. मी उचलला.” एवढीच त्याची मुलाखत. पण त्याने लावलेला डाग पाहावा. कथलाचा थेंब असा गोल बसायचा की जोंधळ्याचा दाणा ठेवलाय. भावाचे डाग म्हणजे लहान पोराने गूळ खाल्लेला हात.

आमचे बाबा वकील. त्यांना रेडिओचा राग नव्हता, ते स्वतः रोज बातम्या ऐकत. त्यांना राग होता तो गिऱ्हाइकांचा. नऊ रेडिओ विकले गेले होते आणि नऊही नात्यात नाहीतर ओळखीत. मामा, आत्या, मोठ्या काकांचे व्याही, बाबांचे दोन अशील, असेच सगळे. बाबा एक दिवस जेवताना म्हणाले, “हे लोक रेडिओ घेत नाहीत. माझी भीड घेतात. भिडेवर दुकान चालत नाही.”

आणि मग त्यांनी शर्त घातली. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत एक रेडिओ, एकच, पूर्ण अनोळखी माणसाला विकून दाखवायचा. नातं नको, सोयरीक नको, शेजार नको, कोर्टातली ओळख नको. जमलं तर पुन्हा कधी नोकरीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर पाडव्यानंतर कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून रुजू व्हायचं. जागा त्यांनी बोलून ठेवली होती. भाऊ हो म्हणाला. त्याला वाटलं, यात काय अवघड! अकोल्यात अनोळखी माणसं कितीतरी.

इथेच तो फसला. कारण आपल्याकडे माणूस अनोळखी राहतो किती वेळ? उंबऱ्याशी चपला काढेपर्यंत. मग आपण विचारतोच, कुठचे तुम्ही? कोणाचे? कोणत्या गावचे? चहा उकळेपर्यंत त्याची आत्या आपल्या गावात दिलेली निघते आणि चहा गाळेपर्यंत तो मामा झालेला असतो. अंजनगाव सुर्जीचे एक पानमळेवाले आले. त्यांना रेडिओ पसंत पडला, हात खिशाकडे गेला, आणि भावाने सवयीने विचारलं, सुर्जीत कोणत्या आळीत? आईच्या चुलतभावाचे साडू निघाले ते. आई आतून गूळपाणी घेऊन आली. बाबा झोपाळ्यावरून म्हणाले, “नापास.” मूर्तिजापूरच्या एका शिक्षकांना मीच बुडवलं. माझ्या नवऱ्याच्या शाळेतून बदलून गेलेले निघाले. मला काय माहीत? मी आपलं विचारलं, सध्या शाळेत गणित कोण घेतं?

वसुबारस आली, मी दिवाळीला माहेरी येऊन राहिले, तरी अनोळखी माणूस काही विकत मिळेना. भाऊ जेवेनासा झाला. तेव्हा फिटरभाऊ म्हणाला, आता जो येईल त्याला काही विचारायचं नाही आणि आपलं काही सांगायचं नाही. रेडिओबद्दल बोलायचं, बस. मी म्हटलं, असं कसं फिटरभाऊ, घरी आलेल्या माणसाला कोणाचे हेसुद्धा विचारायचं नाही? माणुसकी आहे का नाही काही?

तो हातातली तार सोलत होता. वर न बघता म्हणाला, “ताई, तो सवाल तुमाले चहासारखा गोड लागते. मले त्या सवालानंतर चहा कधी भेटला नाही.”

मला एकदम आठवलं, त्याची कपबशी आमच्या खिडकीत वेगळी पालथी घातलेली असते. दोन वर्षं मी ती पाहत होते. मीच कितीदा तिच्यात चहा ओतला होता आणि मलाच वर माणुसकी आठवत होती. संध्याकाळी मी ती कपबशी उचलून आतल्या फळीवर बाकीच्यांत मिसळून टाकली. आईला दिसलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या कपबशा चुलीतल्या राखेने घासल्या. का घासल्या, ते मी विचारलं नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी तो माणूस आला. डोक्याला रुमाल, गळ्यात उपरणं, हातात पिशवी, कमरेला साखळीचं घड्याळ. तिवशाहून आलो म्हणाला, लेकीला दिवाळीसाठी न्यायला. रस्त्याने जाताना रेडिओ ऐकू आला म्हणून थांबलो. गावात भिक्षुकी करत होता. त्याला गाण्याबिण्यांत काही रस नव्हता. त्याला वेळ पाहिजे होती. तिवशात दोन लग्नांत मुहूर्तावरून दोन भटजींची घड्याळं भांडली होती आणि लोक हसले होते. आता त्याला असं यंत्र पाहिजे होतं की जे खुद्द नागपूरहून वेळ सांगेल आणि दुसऱ्या भटजीचं तोंड बंद होईल.

सांगा, याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळेल? तिवशात तेव्हा सगळ्या घरी वीज नव्हती, तर बॅटरीवर चालणारा एक रेडिओ तयारच होता. फिटरभाऊने तो टेबलावर आणला. बाबा पडद्याआड झोपाळ्यावर. झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या, यावरून मला कळलं की ते ऐकताहेत.

भटजींनी लाकडी पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, “दुकान कोणाचं?”

“रेडिओचं,” भाऊ म्हणाला.

“तसं नाही. तुमी कोणाचे?”

“आम्ही इथलेच.”

“इथले म्हंजे मूळचे कुठचे?”

भाऊ खोकला आणि आवाज मोठा केला. म्हणाला, ऐका, किती स्वच्छ येतंय. भटजी माझ्याकडे वळले. म्हणाले, बाई, तुमी तरी सांगा, वडलांचं नाव काय तुमच्या? जन्मात मी कोणाला असं उत्तराविना ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, “चहा ठेवू का?” ते म्हणाले, “घर समजल्याबिगर चहा कसा घेऊ?”

आम्ही तिघंही रेडिओकडे पाहत राहिलो. म्हणजे पाहा, आम्ही गिऱ्हाइकाला विचारायचं नाही हे ठरवलं, पण गिऱ्हाईकही वऱ्हाडातलंच आहे, ते आपल्याला विचारणार, हे पाच जणांच्या मंडळात अध्यक्षापासून सभासदापर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भटजींनी पेटीवरचा हात काढला. आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, खोलीतल्या तारा पाहिल्या, नकाशा पाहिला.

“माल चोरीचा हाय का?” त्यांनी शांतपणे विचारलं. भाऊ नाही नाही म्हणेपर्यंत त्यांनी पिशवी उचलली. “ज्याले आपलं घर सांगता येत नाही, त्याच्या घरचा डब्बा मी माह्या घरात कावून ठेवू?”

आणि ते पायरी उतरले. भाऊ खाली बसला. पाडव्याला तीनच दिवस होते आणि त्याच्या चेहऱ्यावर मला कलेक्टर कचेरी दिसायला लागली.

फिटरभाऊ दारात गेला. मला वाटलं आता तोही घरी चालला.

“महाराज, थांबा,” तो म्हणाला. “मी सांगतो.”

आणि त्याने सांगितलं. आपलं नाव, बापाचं नाव, गाव कोणतं, गावात घर कोणत्या बाजूला होतं, छप्पन साली काय केलं. सगळं एका दमात, जिनिंगमध्ये हजेरी द्यावी तसं. शेवटी म्हणाला, “हा रेडिओ म्या बनवला. पेटी सोडून सगळा. हे पोरं चांगल्या घरचे हायत, चोर नाहीत. आता घ्या नाहीतर नका घेऊ.”

भटजी पायरीवर उभेच. आत यावं की पुढे जावं, त्यांचं त्यांनाच समजेना. आणि तेवढ्यात, खरंच सांगते, टेबलावर रेडिओतून नागपूरचे वेळेचे ठोके पडले. भटजींनी सवयीने कमरेचं घड्याळ काढलं. पाहिलं. कानाशी धरलं. पुन्हा पाहिलं.

“चार मिनिटं मागं,” ते हळू आवाजात म्हणाले. “म्हंजे त्याचं घड्याळ बरोबर होतं?”

त्याचं म्हणजे दुसऱ्या भटजीचं.

“लगनं टिकले ना?” फिटरभाऊने विचारलं.

“लगनं टिकले.”

“मंग झालं तं.”

भटजी पायरी चढून आले, पण बसले नाहीत. बराच वेळ पेटीकडे पाहून म्हणाले, मी हा देवघराच्या खोलीत नाही ठेवणार, ओसरीवर ठेवीन. फिटरभाऊ म्हणाला, ठेवा की, आवाज आपला आपण देवघरात जाते. भटजींनी विचारलं, बिघडला तर? फिटरभाऊ म्हणाला, मी तिवशाले येऊन दुरुस्त करीन, पण ओसरीवर खोलत नाही, धूळ जाते. घरात बसून खोलीन.

“पाहू,” भटजी म्हणाले.

“पाहू नाही. आताच सांगा.”

गिऱ्हाईक आलंय, तर जाऊ दे ना बाबा, दुरुस्तीचं दुरुस्तीच्या वेळी पाहू, असं मला वाटत होतं. भावाच्याही तोंडावर तेच होतं. पण फिटरभाऊ हलेना. भटजींनी घड्याळाची किल्ली फिरवली, काटे चार मिनिटं पुढे नेले, घड्याळ कमरेला खोचलं.

“या,” ते म्हणाले. एवढंच. आणि मग ते बसले.

व्यवहार झाला. रेडिओ पोत्यात बांधला जात होता, भाऊ सुतळी आणायला आत पळाला होता, आणि मी म्हटलं, आता तरी चहा घ्या. सौदा झालाच होता, तेव्हा जिभेवरचं ओझंही उतरलं होतं. सहज विचारलं, लेक कोणाकडे दिलीय अकोल्यात? त्यांनी सांगितलं. अहो, त्यांच्या लेकीची सासू म्हणजे माझ्या मावशीच्या जावेची सख्खी बहीण! माझ्या तोंडून निघून गेलं ते, आणि निघताच मला समजलं की मी काय केलं. भटजींना मात्र आनंद झाला. म्हणाले, म्हंजे घरचेच की हो तुमी, मघापासून लपवत कावून होते?

पडदा सरकला. बाबा बाहेर आले. भटजींना नमस्कार केला, क्षेमकुशल विचारलं, आणि सुतळी घेऊन आलेल्या भावाकडे वळून म्हणाले, “नापास.”

भावाच्या हातात सुतळी तशीच. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका घरात दोन वेळा मीच? भाऊ म्हणाला, सौदा आधी झाला होता, नातं मागून निघालं. बाबा म्हणाले, नातं मागून निघत नसतं, ते आधीच असतं, तुला ठाऊक नव्हतं इतकंच. अज्ञान हा बचाव होत नाही. कोर्टात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्याशी कोण वाद घालणार?

फिटरभाऊ पोत्याच्याच टोकांची गाठ मारत होता. ती पुरी आवळून त्याने मान वर केली.

“वकीलसाहेब, रेडिओ विकला कोणं?”

पडद्याकडे वळलेले बाबा मागे फिरले.

“म्या विकला,” फिटरभाऊ म्हणाला. “महाराजाइनं माह्याशी सौदा केला. माहं अन् याइचं नातं काढून दाखवा. मागच्या सात पिढ्यांतलं काढा, चालन मले.”

बाबांनी भटजींकडे पाहिलं, भटजींनी आपल्या उपरण्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात शोधायला लागले, खोड गेली नव्हती माझी. मावशी, जाऊ, साडू, व्याही, सगळी दारं ठोठावली. त्या माणसाकडे जाणारं एकही दार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून पिढ्यान् पिढ्या इतकी चोख व्यवस्था करून ठेवली होती की बाबांसारख्या वकिलालाही तीत फट सापडेना.

बाबा टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. म्हणाले, “शर्त पुरी झाली.” भाऊ उठायला लागला, तर त्याला हाताने थांबवलं. “तू नाही केलीस. याने केली. तेव्हा धंदा याचा. तुला इथे राहायचं असेल तर याच्या हाताखाली राहा. नाहीतर कचेरी आहेच.”

मी बाबांची मुलगी, मला कळलं त्यांच्या मनात काय होतं. वकिलाचा पोरगा फिटरच्या हाताखाली राबायला तयार होणार नाही, लाजून कचेरीत जाईल, आणि आपला शब्दही राहील, हा त्यांचा हिशोब. निकाल न्यायाचा दिसत होता आणि पोरगाही हातचा जात नव्हता. भटजी मान डोलवत होते.

भाऊ फिटरभाऊकडे वळला. “उद्या किती वाजता येऊ?”

“येशीन कुठं? इथंच तं राहतं तू.” फिटरभाऊलाही तेव्हा जरा हसू आलं. “मी पाळी सुटल्यावर येतो. पाचले. तवर खोली झाडून ठेव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी भावाने खराटा मागितला. आमच्या घरात पुरुषांनी खराटा हातात धरलेला आईने कधी पाहिला नव्हता. ती दारात उभी राहून पाहत राहिली. मला घ्यावासा वाटला त्याच्या हातून, पण नाही घेतला. तारेचे तुकडे, कथलाचे थेंब, मंडळाच्या सभांची विडीची थोटकं, सगळं त्याने गोळा केलं. बाबा झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र उलटं की सुलटं धरून होते, कोण जाणे.

पाच वाजून गेल्यावर फिटरभाऊ आला. पायरीवर पाय पुसले, आत येऊन चारी कोपरे पाहिले, वाकून टेबलाखाली नजर टाकली.

“तिथं राहिलं,” तो म्हणाला, आणि भाऊ पुन्हा वाकला.